यादीबाहेरची जोखीम

पावसाळ्याच्या तोंडाशी डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या जंगलपट्टीत काही गोष्टी एकाच सुमारास घडतात. सौराष्ट्राच्या बंदरांत मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेले तरुण मासेमारीचा हंगाम संपल्याने पाड्यांवर परततात. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबेही तोवर घरी आलेली असतात. कणगीतले भात संपत आलेले असते आणि अशा वेळी आवणीचे, म्हणजे वर्षातील सर्वांत कष्टाचे, दिवस सुरू होतात. पश्चिम भारतात इन्फ्लुएन्झाचा जोर वाढतो तोही याच महिन्यांत. बाहेरून आलेली माणसे, अपुरे पोट, दिवसभर चिखलपाण्यात वाकून केलेले काम आणि साथीचा विषाणू यांची गाठ येथे दरवर्षी पडते. एरवी ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र नवा विषाणू घेऊन जागतिक साथ येते तेव्हा हीच गाठ अनेकांच्या जिवावर बेतू शकते.

इन्फ्लुएन्झाची लागण झालेले बहुसंख्य लोक आठवडाभरात बरे होतात. थोड्यांचा ताप मात्र फुप्फुसात उतरतो आणि त्याचे न्यूमोनियात रूपांतर होते. हे थोडे कोण असतात, या प्रश्नाच्या उत्तरावरच साथीच्या काळातील सारे नियोजन अवलंबून असते. औषध आधी कोणाला द्यायचे, लस कोणासाठी राखायची, रुग्णालयात खाट कोणाला मिळवून द्यायची, हे सर्व 'जोखमीच्या गटां'च्या यादीवरून ठरते. ही यादी ज्या माणसांकडे पाहून तयार झाली, त्यांत तलासरीच्या पाड्यावरचा प्रौढ माणूस क्वचितच होता. त्यामुळे पुढील साथीपूर्वी ही यादी स्थानिक पातळीवर पुन्हा लिहिण्याची गरज आहे.

२००९ ने काय शिकवले?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी एच१एन१ विषाणूची जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला आणि नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि बंद ठेवलेल्या शाळा ही महाराष्ट्राच्या शहरांची ओळख होऊन बसली. या साथीने एक जुना समज मोडला. नेहमीचा फ्लू प्रामुख्याने वृद्धांचे बळी घेतो. हा विषाणू मात्र तरुण आणि मध्यमवयीन प्रौढांच्या फुप्फुसांवर घाला घालत होता. १९५७ पूर्वी फिरत असलेल्या एच१एन१ विषाणूंशी लहानपणी संबंध आलेल्या वृद्धांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले. त्यानंतर जन्मलेल्यांना ते नव्हते.

जगभरातील रुग्णांच्या नोंदींतून जोखमीचे घटक हळूहळू स्पष्ट झाले. गर्भावस्था, विशेषतः शेवटचे तीन महिने, हा त्यांतील ठळक घटक. अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असताना या साथीच्या मृतांमध्ये ते सुमारे पाच टक्के होते. दमा व फुप्फुसाचे जुनाट विकार, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे आजार व औषधे यांची नोंद झाली. अतिस्थूलता हा घटक याच साथीत प्रथम ठळकपणे पुढे आला. त्याचबरोबर एक अस्वस्थ करणारी गोष्टही दिसली. रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांपैकी पाव ते निम्म्या जणांना आधीचा कोणताही आजार नोंदलेला नव्हता. म्हणजे यादी उपयुक्त होती, पण पुरेशी नव्हती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. साध्या तापाच्या 'अ' वर्गाला चाचणी नको आणि विषाणुविरोधी औषधही नको. 'ब' वर्गात लहान मुले, गर्भवती, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि फुप्फुस, हृदय, यकृत, मूत्रपिंड किंवा रक्ताचे विकार, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही असलेल्यांना तातडीने औषध. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे ही लक्षणे असलेला 'क' वर्ग थेट रुग्णालयात. ही विभागणी शास्त्रशुद्ध होती. परंतु ती एक गोष्ट गृहीत धरते. आपल्याला मधुमेह आहे, रक्ताचा विकार आहे की नाही, हे रुग्णाला ठाऊक आहे आणि 'अ' मधून 'क' मध्ये जाताना त्याच्याजवळ पाहणारे कोणीतरी आहे, हे ते गृहीत. शहरात ते बऱ्याच अंशी खरे ठरते. पाड्यावर ते खरे मानता येत नाही.

ताप फुप्फुसात कसा उतरतो?

न्यूमोनियाकडे जाणारे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात विषाणू स्वतःच फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतो. चौथ्या-पाचव्या दिवशी धाप लागते आणि मग प्रकृती झपाट्याने खालावते. काहींना चोवीस तासांच्या आत कृत्रिम श्वसनयंत्राची गरज भासते. दुसऱ्या मार्गात विषाणू श्वासनलिकेच्या आतील अस्तराची हानी करतो. धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारी त्यावरील सूक्ष्म केसांची झालर नष्ट होते आणि एरवी घशात निरुपद्रवी राहणारे जिवाणू खाली उतरतात. येथे रुग्णाला एक-दोन दिवस बरे वाटते, ताप उतरतो आणि मग तो पुन्हा चढतो. अमेरिकेत २००९ मध्ये दगावलेल्या ७७ रुग्णांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले असता २२ जणांत जिवाणूंचा सहसंसर्ग आढळला. त्यात न्यूमोकॉकस हा जिवाणू प्रमुख होता.

या दोन मार्गांचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. पहिल्या मार्गावर ऑसेल्टामिविरसारखे विषाणुविरोधी औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत मिळाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. रुग्णालयात दाखल झालेल्या एकोणतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत निम्म्याने कमी दिसली. हे विश्लेषण नोंदींवर आधारलेले असल्याने त्याला मर्यादा आहेत. तरीही त्याची दिशा स्पष्ट आहे. दुसऱ्या मार्गावर साधे प्रतिजैविक आणि प्राणवायू वेळेवर मिळणे महत्त्वाचे. दोन्हींकडे वेळ हाच निर्णायक घटक ठरतो. सौराष्ट्रातील २००९-१० च्या रुग्णांच्या अभ्यासातही डॉक्टरकडून उशिरा झालेली पाठवणी आणि गर्भावस्था यांचा मृत्यूशी संबंध आढळला होता. सौराष्ट्राच्या बंदरांशी तलासरीच्या खलाशांचा रोजीरोटीचा संबंध आहे, हे लक्षात घेता तो निष्कर्ष आपल्याला परका नाही.

मुंबईचा जुना धडा

जोखीम केवळ शरीरात नसते, ती माणसाच्या परिस्थितीतही असते, याचा सर्वांत बोलका पुरावा याच किनाऱ्यावरचा आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले आणि शहरात इन्फ्लुएन्झाची साथ सुरू झाली. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेमार्गांनी साथ देशभर पोहोचली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. देशभरात किमान सव्वा कोटी माणसे दगावली, असे मानले जाते. त्यांतील फार मोठा हिस्सा वीस ते चाळीस वयोगटातील होता.

मुंबईतील मृत्युदराचे जातिधर्मवार आकडे आजही वाचवत नाहीत. युरोपियनांत दर हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि त्या काळच्या नोंदींत 'कनिष्ठ जातीचे' म्हणून दाखवलेल्या हिंदूंत ६१.६. शहर एक, विषाणू एक, पावसाळा एक. मृत्यूच्या प्रमाणात मात्र सातपटीहून अधिक अंतर. फुप्फुसांची घडण जातीनुसार बदलत नाही. बदलत होत्या त्या खोल्या, ताटातले अन्न, आजारातही कामावर जाण्याची सक्ती आणि शुश्रूषा करणाऱ्या हातांची उपलब्धता.

नव्वद वर्षांनंतर, प्रतिजैविके आणि श्वसनयंत्रे हाताशी असतानाही हेच चित्र जगातील श्रीमंत देशांत दिसले. अमेरिकेतील बारा राज्यांच्या आकडेवारीनुसार २००९ मध्ये तेथील मूळनिवासींचा या साथीतील मृत्युदर इतरांच्या चौपट होता. ऑस्ट्रेलियात आदिवासींचे लोकसंख्येतील प्रमाण अडीच टक्के. अतिदक्षता विभागांतील एच१एन१ रुग्णांत ते सुमारे दहा टक्के. कॅनडातही मूळनिवासी समाजावर साथीचा भार अधिक पडला. आपल्याकडे अशी समाजवार नोंद नियमितपणे प्रसिद्ध होत नाही. नोंद नसली म्हणजे फरक नाही, असा निष्कर्ष मात्र कोणीही काढू नये.

डहाणू-तलासरीची यादी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तर तलासरीची दीड लाखांहून अधिक. डहाणूत दोनतृतीयांशाहून अधिक आणि तलासरीत दहांतील सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे. त्यांत वारली बहुसंख्य. या माणसांकडे पाहून जोखमीची यादी लिहायची झाली, तर ती कशी असेल?

तिच्यात पहिली नोंद सिकलसेल आजाराची असेल. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि पालघरही त्याला अपवाद नाही. ताप, शरीरातील पाणी कमी होणे आणि प्राणवायूची उणीव या तिन्हींमुळे या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. न्यूमोनियासारखाच दिसणारा हा विकार प्राणघातक ठरू शकतो. शिवाय त्यांची प्लीहा निकामी होत गेल्याने न्यूमोकॉकसशी लढण्याची क्षमता घटलेली असते. केवळ वाहक असलेल्यांना सहसा असा धोका नसतो. पण आपण वाहक आहोत की रुग्ण, हे कळण्यासाठी चाचणी व्हावी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची चाचणी-पत्रे म्हणूनच साथीच्या नियोजनातही उपयोगी पडणारी आहेत. २००९ च्या परिपत्रकातील 'रक्ताचे विकार' हे दोन शब्द येथे नावे व पत्ते असलेल्या माणसांपर्यंत पोहोचवता येतात.

दुसरी नोंद अपुऱ्या पोषणाची. २००९ च्या यादीने स्थूलतेकडे लक्ष वेधले. अतिकृश प्रौढांमध्येही इन्फ्लुएन्झामुळे रुग्णालयात जाण्याचा धोका वाढतो, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. तरीही कृशता यादीत ठळकपणे आली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर न्यूमोनियात शरीराची तग धरण्याची ताकद आधीच घटलेली असते. आवणीच्या दिवसांत सात महिन्यांची गर्भवती चिखलात उभी असते तेव्हा गर्भावस्था, रक्तक्षय आणि श्रम हे तिन्ही घटक तिच्या एकटीत एकत्र येतात.

तिसरी नोंद आधीच जखमी झालेल्या फुप्फुसांची. क्षयरोग बरा झाला तरी त्याचे व्रण राहतात. कुडाच्या एका खोलीच्या घरात चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत जातो. तो प्रामुख्याने बायकांच्या. पुरुषांत विडी आणि दारू यांची भर पडते. वीटभट्टीची राख आणि धूळ, वापी, उंबरगाव, सिल्वासाच्या कारखान्यांतील वाफा यांचाही हिशेब धरावा लागेल. दमा म्हणून कोणी निदान केलेले नसते, म्हणून 'फुप्फुसाचा जुनाट विकार' या रकान्यात या माणसाचे नाव कधीच येत नाही.

चौथी नोंद स्थलांतराची. खलाशी महिनोन्महिने एका बोटीवर दाटीवाटीने राहतात. भट्टीवरचे कुटुंब उचल घेऊन गेलेले असते. आजारी पडले तरी खाडा परवडत नाही. औषधाचा डोस एका तालुक्यात सुरू होतो आणि दुसऱ्या राज्यात तुटतो.

पाचवा घटक : उशीर

या सर्वांवर कडी करणारा घटक वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आजार म्हणून सापडत नाही. तो म्हणजे उशीर. पाडा ते रस्ता, रस्ता ते उपकेंद्र, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा कासा, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय अशी ही उतरंड आहे. त्यापुढे अतिदक्षता विभागाची गरज भासली की अनेक रुग्ण सिल्वासा, वापी किंवा वलसाडची वाट धरतात. मुंबई शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. दर टप्प्यावर काही तास जातात आणि न्यूमोनियाच्या पहिल्या मार्गावर हातात असतात ते एकूणच अठ्ठेचाळीस. पहिले दोन दिवस 'साधा ताप' म्हणून घरगुती उपायांत किंवा भगताकडे गेले, तर त्याचा दोष रुग्णाच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून केंद्रावर जावे आणि तेथे डॉक्टर भेटेल की नाही याची खात्री नसावी, अशा स्थितीत वाट पाहणे हा त्याच्या दृष्टीने हिशेबी निर्णय असतो.

औषधाच्या उपलब्धतेचा इतिहासही आठवण्यासारखा आहे. २००९ मध्ये ऑसेल्टामिविर औषध कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात होते आणि विशेष परवाना असलेल्या मोजक्या दुकानांतच ते विकता येत असे. २०१७ मध्ये हा निर्बंध सैल करून ते 'एच१' परिशिष्टात आणले गेले. दरम्यान २०१५ मध्ये एच१एन१ च्या उद्रेकाने देशात तीन हजारांच्या आसपास आणि एकट्या महाराष्ट्रात नऊशेच्या आसपास बळी घेतले होते. जागतिक साथ ऑगस्ट २०१० मध्येच संपल्याचे जाहीर झाले होते. विषाणू मात्र हंगामी पाहुणा होऊन राहिला आहे.

बालकांपलीकडे पाहताना

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले आणि तेव्हापासून या पट्ट्यातील आरोग्याचा विचार बालकांभोवती फिरत राहिला. ते योग्यच होते. मर्यादित साधनांत प्रौढांच्या न्यूमोनियासाठी नवी यंत्रणा कशाला, असा प्रश्न त्यामुळे विचारला जाऊ शकतो. याचे उत्तर असे, की नवी यंत्रणा लागतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्त्यांना बालकांच्या न्यूमोनियाची लक्षणे ओळखून घरापाशीच प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण दिले आणि न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे संशोधन १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास मोजण्याचे ते तत्त्व प्रौढांच्या बाबतीतही वापरता येते. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू पाहणे त्यांना नवे राहिलेले नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तापाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा प्राणवायू तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी पाहिला गेला, तर 'अ' वर्गातून 'क' वर्गात सरकणारा रुग्ण नखे निळी पडण्यापूर्वी सापडेल.

लसीबाबतही पाया आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये गर्भवतींना आणि जोखमीच्या रुग्णांना इन्फ्लुएन्झाची लस मोफत देण्यास सुरुवात केली, तेव्हा ते देशात पहिले पाऊल होते. ही लस पाड्यावरच्या गर्भवतीपर्यंत आणि सिकलसेलच्या रुग्णापर्यंत पावसाळ्यापूर्वी पोहोचली, तरच त्या निर्णयाचा येथे अर्थ. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभरातील बालकांना नियमित लसीकरणात मिळू लागली. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी ती मिळवून देणे ही त्यापुढची रास्त मागणी ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑसेल्टामिविरचा साठा जूनपूर्वी असावा आणि या तालुक्यांत 'जोखमीचा रुग्ण' या व्याख्येत अतिकृश, तीव्र रक्तक्षय असलेले आणि क्षयरोगाचा इतिहास असलेले प्रौढ यांचा समावेश लेखी असावा. रुग्ण गुजरात आणि दादरा-नगर हवेलीत जातात हे वास्तव मान्य करून तेथील रुग्णालयांशी नोंदींची देवघेव सुरू करावी लागेल. डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेशी संलग्न असे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. प्रौढांच्या न्यूमोनियाची स्थानिक नोंद ठेवण्यासाठी याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही.

पुढचा विषाणू कोठून येईल, हे कोणी सांगू शकत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पक्ष्यांतील बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती याच राज्यातील नवापुरात, गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी तालुक्यात. २०२४ मध्ये त्याच एच५एन१ कुळातील विषाणू अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये शिरला. तो माणसांत सहज पसरू लागेल की नाही, हे विषाणूच्या हाती. तो पसरलाच, तर तलासरीच्या पाड्यावरचा ताप कितव्या दिवशी कोणाच्या नजरेस पडेल, हे मात्र आपल्या हाती आहे. १९१८ मध्ये मुंबईने मृत्यूचे आकडे तरी वेगवेगळे मांडून ठेवले होते. शंभर वर्षांनंतर आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की ते आकडे साथ संपल्यावर मोजण्याऐवजी जोखीम साथीपूर्वी मोजली जावी.